केनेबागोला चढण लागते

(दृश्य: पहाट. तळ्यावर धुकं. काठाच्या दलदलीत एकच मेपल लाल झालेला.)

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत रेंजलीचा तलावांचा मुलूख पसरला आहे. दुपारी अजून उकडतं, पण पहाटे तोंडातून वाफ निघायला लागलेली असते. दलदलीच्या कडेचे लाल मेपल सगळ्यांच्या आधी रंगतात. वरचा डोंगर अजून हिरवागार.

फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोऱ्यानं बांधलेल्या नकली भक्ष्यावर (फ्लायवर) मासेमारी करणारी जाणती माणसं या दिवसांत पाण्यावर पोचली की रॉड जोडायच्या आधी थर्मामीटर बुडवतात. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

इथला मूळचा मासा म्हणजे ब्रूक ट्राउट. अमेरिकेच्या पूर्व भागात ज्या तळ्यांमध्ये हा मासा अजून रानटी अवस्थेत टिकून आहे, त्यांतली बहुतेक तळी एकट्या मेनमध्ये आहेत. त्याला थंड पाणी लागतं. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. १० अंशांना ११ मिलिग्रॅमहून अधिक. पाणी तापलं की माशाच्या शरीराची मागणी वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो. अशा पाण्यात गळाला लागून झुंजलेला मासा सोडून दिला, डोळ्यांदेखत पोहत गेला, तरी पुढे कुठेतरी दम तुटून मरू शकतो. म्हणून पारा २० च्या वर असेल तर रॉड गाडीतच राहू द्यावी. याला अपवाद करू नये, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: जंगलातली पायवाट. पाठीवर उलटा घेतलेला कनू (वल्ह्याची हलकी, निमुळती होडी). पुढे लहानसं तळं.)

आधी तळ्यांकडे जाऊ, कारण ऋतूची पहिली चाहूल तिथेच लागते.

उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात. वरचं पाणी कोमट आणि हलकं, खालचं थंड आणि जड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. अगदी तळाशी प्राणवायू कमी होत जातो. मधल्या मध्ये ट्राउटला राहायला जागाच थोडी उरते. मग तळाच्या झऱ्यांपाशी, जिथे जमिनीतून गार पाणी वर येतं तिथे, मासे दाटीवाटीनं थांबतात. ही ठिकाणं माहीत असलेला माणूस ऑगस्टमध्ये एकाच जागी बसून वाटेल तेवढे मासे काढू शकेल. तो काढत नसेल, तर त्याला तळं कळलं आहे.

सप्टेंबरच्या रात्री हे चित्र पालटतात. वरचं पाणी निवतं, जड होतं, खाली जाऊ लागतं. (पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांना.) थर विरत जातात, आणि पुढे एका वाऱ्याच्या दिवशी तळं वरपासून खालपर्यंत ढवळून निघतं. पण ट्राउट तोवर थांबत नाहीत. वरचं पाणी सोसवेल इतकं गार झालं, की ते काठाकाठानं फिरू लागतात. कनूतून वल्ह्याचा आवाज न करता बघत राहिलं, तर पडलेल्या लाकडांच्या आसपास पाण्यावर वर्तुळं उठताना दिसतात.

याच दिवसांत, एखाद्या उबदार दमट दुपारी, पंखाच्या मुंग्यांचे थवे उडतात. त्यांतल्या असंख्य पाण्यात पडतात आणि मग तळ्यावर मेजवानी सुरू होते. तेव्हा ट्राउट दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाही. डबीत काळ्या, बारीक मुंगीसारखी फ्लाय असेल तर ठीक. नसेल तर नुसतं बघत बसावं लागतं.

(दृश्य: रॉडची हालचाल, संथ गतीत. हवेत लाइनचा लांब फास.)

या मासेमारीत फेकायला वजन असतं ते लाइनचं. पिसं आणि दोरा बांधलेल्या फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. जाडसर लाइन मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे. त्या थांबण्यात सगळं कसब आहे. नवख्याला तेवढाच धीर निघत नाही.

आणि फ्लाय? तिच्याशी आपलं, सह्याद्रीचं, एक नातं आहे.

(दृश्य: अपर डॅमचा परिसर. मग हातात धरलेली एक करडी फ्लाय, जवळून.)

मूसलुकमेगंटिक आणि रिचर्डसन या दोन तलावांच्या मध्ये अपर डॅम आहे. तिथे कॅरी स्टीव्हन्स राहायच्या. बायकांच्या टोप्या सजवण्याचं काम त्यांनी केलेलं, त्यामुळे पिसांवर हात बसलेला. १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या फ्लायवर त्यांनी ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून किंचित जास्त वजनाचा ब्रूक ट्राउट पकडला. एका मोठ्या मासिकाच्या स्पर्धेत त्या माशाला दुसरं बक्षीस मिळालं आणि त्यांच्या फ्लायना देशभरातून मागणी येऊ लागली. फ्लाय बांधताना गळ पकडायला लोक छोटा शिकंजा वापरतात. त्या नुसत्या बोटांत धरून बांधायच्या.

त्यांची सर्वांत गाजलेली फ्लाय म्हणजे ग्रे घोस्ट. स्मेल्ट नावाच्या चंदेरी माशाची ती नक्कल. तिच्या दोन्ही गालांवर एकेक तकतकीत, ठिपक्याचं पीस असतं, माशाच्या डोळ्यासारखं दिसणारं. हे पीस राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. तोच रानकोंबडा, जो महाबळेश्वरच्या किंवा कोयनेच्या रानात पहाटे आरवतो. भारताबाहेर तो रानात कुठेच नाही. एके काळी या पिसांसाठी आपल्याकडे त्याची बेसुमार शिकार झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि आज परदेशात ही पिसं पाळलेल्या पक्ष्यांची घेतात, नाहीतर रंगवलेली नकली. नकली पिसावरही मासा तितकाच येतो. त्यामुळे रानातल्या पक्ष्याला हात लावायचं काही कारणच उरलेलं नाही.

(दृश्य: पाऊस. नदीचं पाणी चढतंय. वाहत येणारी पिवळी पानं.)

आता नदी. सप्टेंबरच्या मध्यावर एक चांगला पाऊस लागतो. याच मुलखातल्या केनेबागो नदीचं पाणी वीतभर चढतं, गार होतं, आणि खालच्या तलावातले मासे नदीत शिरतात.

कोकणात, घाटावर वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मृगाचा पाऊस कोसळला की ओढ्या-नाल्यांतून गाभोळीनं भरलेले चढणीचे मासे वर येतात. केनेबागोची चढण शरदात लागते, एवढाच फरक. या चढणीत ब्रूक ट्राउट असतात आणि समुद्राकडे कधीही न जाणारे, गोड्या पाण्यातच राहणारे सामन (सॅल्मन) असतात. सामन गळाला लागला की पाण्याबाहेर उसळ्या मारतो, आणि बरेचजण त्याच्यासाठीच इथे येतात.

माझा जीव ट्राउटवर. विणीच्या दिवसांतला नर एकदा जवळून बघावा. पाठीवर शेवाळी रंगात फिकट नागमोडी रेघा. कुशीवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती निळं कडं. पोट शेंदरी, खाली काळी किनार, आणि पोटाखालच्या परांची पुढची कड पांढरीशुभ्र. एवढा रंग त्या काळसर पाण्यात लपलेला असतो, यावर विश्वास बसत नाही.

ढगाळ दुपारी ऑलिव्ह रंगाचे मेफ्लाय नावाचे इवले किडे पाण्यावर उतरतात. तेव्हा अगदी बारीक फ्लाय, बारीक तंगूस. संध्याकाळी ग्रे घोस्टसारखी लांब फ्लाय धारेत आडवी सोडायची आणि प्रवाहानं तिला वळवत न्यायची. पानं फार वाहत असतील तर दर दुसऱ्या फेकीला गळावर पान. याला इलाज नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

पण या चढणीत एक मासा आता नाही. त्याचं नाव ब्लूबॅक, ‘आर्क्टिक चार’ नावाच्या थंड पाण्यातल्या माशाच्या कुळातला. वर्षभर तो रेंजलीच्या तलावांत खोल राहायचा आणि ऑक्टोबरात अंडी घालायला ओढ्यांत यायचा, इतक्या संख्येनं, की लोक त्याला पिंपं भरभरून न्यायचे. १८७० च्या दशकात या तलावांमध्ये बाहेरून आणलेले सामन सोडले, नंतर त्यांना खाद्य म्हणून स्मेल्टही. विसावं शतक उजाडून थोडी वर्षं होतात न होतात तोच रेंजलीतला ब्लूबॅक संपला. मेनमधल्या दुसऱ्या मोजक्या तळ्यांत त्याचे भाऊबंद अजून आहेत. इथे नाहीत. आज ज्या सामनचं आपण कौतुक करतो, तो मुळात या पाण्यातला पाहुणा आहे, हे केनेबागोच्या काठावर उभं राहताना ठाऊक असायला हवं.

म्हणूनच चढणीच्या माशाला हात लावताना जपायचं. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्यानं दाबून टाकायचा. हात ओले करायचे, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगापासून त्याला वाचवतो तो हाच थर. मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा. आणि उथळ खडीत कुठे स्वच्छ धुतल्यासारखा उजळ खळगा दिसला, तर त्यात पाय टाकायचा नाही. ते ट्राउटचं घरटं असतं. मादी आडवी होऊन शेपटीच्या फटक्यांनी खडी उकरते, अंडी घालते आणि पुन्हा खडीनं झाकते. तिथे एक पाऊल पडलं तर पुढच्या पिढीतले कितीतरी मासे जातात.

मेनच्या या भागात बहुतेक नद्या आणि तळ्यांवर ३० सप्टेंबरला हंगाम संपतो. मासा सर्वांत देखणा, नदी माशांनी भरलेली, आणि तेव्हाच बंदी. काहींना ती जाचते. मला ती अगदी योग्य वाटते, कारण वीण त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रंगात येते.

(दृश्य: जंगलातला कच्चा रस्ता. रस्त्याखाली ओढ्यावर लोखंडी पाइप. त्याचं तोंड पाण्यापासून वर लटकलेलं.)

अंडी हिवाळाभर खडीत राहतात. वर बर्फ धरतो, पण जिथे जमिनीतलं पाणी झिरपत असतं तिथे खडी गोठत नाही, आणि मादीनं जागा निवडलेली असते ती त्यासाठीच. अशा जागा बहुधा वरच्या लहान ओढ्यांत असतात. लाकूडतोडीच्या रस्त्यांखाली घातलेले अरुंद पाइप नेमके त्याच ओढ्यांवर आहेत. पाइपचं खालचं तोंड पाण्यापासून हातभर उंच राहिलं, तरी लहान ट्राउटला ती उडी जमत नाही आणि वरचा सगळा ओढा त्याला बंद होतो. मेनमध्ये गेली बरीच वर्षं असे पाइप काढून, ओढ्याच्या पात्राहून रुंद, तळाला खडी तशीच ठेवणाऱ्या कमानी बसवल्या जात आहेत. हे काम उन्हाळ्यात, ओढ्यांना पाणी कमी असताना करतात, म्हणजे सप्टेंबरच्या पावसाआधी वाट मोकळी होते.