स्पॉन्सर म्हणजे नेमकं काय करायचं?

(दृश्य: मीटिंग संपलेली. खुर्च्या एकात एक रचल्या जात आहेत.)

दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांना आधार देतात, अशा संघटनेची ही मीटिंग. तिथला जुना सभासद नव्याला दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांवर सोबत करतो, तो स्पॉन्सर. "माझे स्पॉन्सर व्हाल?" हा प्रश्न बहुधा असाच, निघता निघता येतो. हो म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं: मी बाराही पायऱ्या केल्यात का? मला स्वतःचा स्पॉन्सर आहे का? अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्ये याची परीक्षा नसते, पण निदान वर्षभर दारूपासून दूर असलेला माणूस असावा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. आणि शक्यतो पुरुषाला पुरुष, बाईला बाई. नव्याने सावरणारं मन आधाराला पटकन प्रेम समजतं.

पहिला प्रश्न पायऱ्यांचा नाही. शेवटचा प्याला कधी घेतला, हा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर साधारण 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप. यात जीव जातो. इथे धीर देऊन भागत नाही, डॉक्टर लागतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद कर, असं तर स्पॉन्सरने कधीच सांगू नये.

(दृश्य: टेबलावर फोन.)

मग रोजचा फोन. दहा मिनिटं पुरतात, पण फोन नव्या माणसाने करायचा. साध्या, काहीच न घडलेल्या दिवशी नंबर लावायची सवय झाली, तरच तलफ आलेल्या रात्री बोट त्या नंबरावर जातं. त्या रात्री विचारायचं ते अगदी घरगुती: जेवलास का? कुणावर चिडलायस? एकटा आहेस? झोप झाली? तलफेची लाट बरेचदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ बोलत राहायचं.

खरी कसोटी चौथ्या पायरीला, स्वतःचा लेखाजोखा लिहिताना. वहीत चार रकाने: राग कुणावर, काय घडलं, माझं काय दुखावलं, आणि माझा वाटा काय. पहिले तीन भराभर भरतात. चौथा कोरा. कुणी तर सुबक अक्षरात महिनोन्महिने लिहीतच बसतो, कारण लिहून झालं की वाचून दाखवावं लागणार. म्हणून लिहायला बसण्याआधीच पाचव्या पायरीची, म्हणजे ते वाचून दाखवण्याची, तारीख ठरवून टाकावी. त्या दिवशी फोन बंद, हाताशी दोन-तीन तास. स्पॉन्सरने दचकायचं नाही आणि न्यायाधीशही व्हायचं नाही. ऐकलेलं बाहेर जात नाही. मात्र वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे कवच असतं, ते या बोलण्याला असेलच असं नाही. हे वही उघडण्याआधी सांगावं.

(दृश्य: जुन्या हॉटेलची लॉबी, कृष्णधवल.)

1935 सालचा मे महिना, अमेरिकेतलं अॅक्रन शहर. पुढे या संघटनेचा संस्थापक ठरलेला बिल विल्सन काही महिने दारुड्यांना समजावत फिरला होता. एकही सुटला नव्हता. तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. हॉटेलातल्या बारचा आवाज कानावर येत असताना त्याने फोनवर दुसरा दारुडा शोधायला सुरुवात केली, स्वतःला वाचवण्यासाठी. त्यातून दुसरे संस्थापक डॉ. बॉब भेटले.

दुसऱ्याला मदत करताना आपण स्वतःला वाचवत असतो, हे विसरलं की स्पॉन्सर त्या माणसाचं आयुष्य चालवायला घेतो. उसने पैसे देतो, बायकोशी समेट घडवतो, साहेबाला फोन करतो. पैसे आडवे आले की फोन थांबतात, कारण आता त्याला स्पॉन्सर नाही, सावकार दिसतो. नवव्या पायरीत, म्हणजे दुखावलेल्यांची भरपाई करताना, केलेली घाईही अशीच नडते. स्वतःचं ओझं उतरवायला जुनं प्रकरण कुणाच्या घरात नेऊन ओतणं ही भरपाई नव्हे. ज्याने कुणाला इजा होईल ती भरपाई करू नये, असं पायरीतच म्हटलंय.

स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर प्यायलेल्या अवस्थेत लांब चर्चा नको. सुरक्षित आहे ना, एवढं पाहायचं आणि सकाळी शुद्धीत फोन करायला सांगायचं. मग प्याल्यापासून मागे जायचं: मीटिंग कधी सुटली, फोन कधी थांबला?

आणि स्पॉन्सरचीच स्लिप झाली, तर त्याने ती लपवू नये. त्याच दिवशी आपल्या माणसांना सांगावं, त्यांना दुसऱ्या स्पॉन्सरकडे पाठवावं आणि आपल्या स्पॉन्सरला फोन लावावा.