दारावरची जुनी अक्षरं

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला एका ट्रकच्या दारापाशी घेऊन जायचंय. ट्रक आहे १९५० सालचा, शेव्हरोले ३१००, म्हणजे मागे मालासाठी उघडा हौदा असलेला छोटा पिकअप. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात तो मला भेटला. मूळचा गडद हिरवा रंग उन्हानं पार विटलेला, मडगार्डच्या कडेला गंजाची तांबूस झाक. आणि दारावर पेंटरनं हातानं काढलेली पांढरी अक्षरं. कुठल्याशा धान्याच्या पेढीचं नाव, खाली गावाचं नाव आणि तीन आकडी टेलिफोन नंबर. निम्मी अक्षरं उडालेली. सत्तरी ओलांडलेले मालक फडक्यावर जवसाचं तेल घेऊन त्या अक्षरांवर हलक्या हातानं फिरवत होते. मी विचारलं, "नवा रंग का देत नाही?" ते म्हणाले, "रंग दिला तर नाव जाईल."

त्या एका वाक्यानं मला जुन्या अमेरिकन ट्रकचं वेड लागलं.

जुनी कार टिकते, कारण तिला कुणीतरी जपलेलं असतं. सणावाराला बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा झाकून ठेवायची. ट्रकच्या नशिबी ते कुठलं? तो बैलासारखा राबायचा. चारा, कोळसा, डुकरं, सिमेंट, पडेल ते ओढायचा आणि थकला की कोठाराच्या मागे गवतात उभा राहायचा. बरेचसे भंगारात गेले. जे उरले, ते बहुधा कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून उरले. म्हणून त्यांच्या अंगावरच्या पोच्याला, ओरखड्याला मोल आहे.

सुरुवातीला शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून तिथे स्वतःच लाकडी पेटी बसवायचे. फोर्डनं ते पाहिलं आणि १९२५ साली मॉडेल टी कारखान्यातूनच हौद्यासकट विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. मग महायुद्ध आलं, १९४२ साली सर्वसामान्यांसाठी गाड्या बनवणं थांबलं. युद्ध संपलं तेव्हा शेतातल्या गाड्या खिळखिळ्या झालेल्या आणि मागणी तुंबलेली. डॉजनं लष्करी ट्रकवरून बेतलेली पॉवर वॅगन १९४६ साली आणली, १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेचे नव्या घडणीचे ट्रक आले आणि १९४८ साली फोर्डची एफ मालिका. आज संग्राहक ज्यांच्यामागे धावतात, त्यातले कितीतरी ट्रक या दोन-तीन वर्षांत जन्मलेले आहेत.

या शेव्हरोलेवर माझा विशेष जीव. १९४७ च्या त्या घडणीचे ट्रक दिसायला सगळे सारखेच, पण जाणकार लांबूनच साल सांगतो. दाराच्या काचेला पुढे छोटी तिकोनी, वारा घ्यायची काच आहे? मग १९५१ किंवा त्यानंतरचा. दाराच्या मुठीला दाबायचं बटण आहे? मग १९५२ किंवा पुढचा. समोरची काच मधे दांडी नसलेली, सलग? मग थेट १९५४ किंवा १९५५ च्या सुरुवातीचा. आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांना वळणदार काचा असतील तर किंमत वर सरकलीच म्हणून समजा. गिऱ्हाइकानं जास्तीचे पैसे मोजून त्या मागवलेल्या असायच्या.

मालकांनी मला आत बसवलं. चावी फिरवली, पण काहीच झालं नाही. ते हसून म्हणाले, "पाय वापरा." ॲक्सिलरेटरच्या शेजारी, फरशीवर, स्टार्टरचं वेगळं पेडल होतं. चोक ओढला, पेडल दाबलं, सहा व्होल्टच्या बॅटरीनं इंजिन सावकाश दोन घेर फिरवलं आणि ते पेटलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, पुढचे तीन गिअर. पाठीमागे सीटच्या आडोशाला पेट्रोलची टाकी, त्यामुळे केबिनभर पेट्रोलचा मंद वास. हौद्याला लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या सांध्यावर पोलादी पट्ट्या. फावडं पट्टीवरून सरकावं आणि लाकूड वाचावं, एवढा विचार केलेला.

इंजिन सहा सिलिंडरचं, एका रांगेत. अमेरिकेत त्याला प्रेमानं 'स्टोव्हबोल्ट' म्हणतात, कारण त्याचे बोल्ट घरातल्या लोखंडी चुलीच्या बोल्टांसारखे दिसतात. याच्या कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या दांडीच्या, बेअरिंगा व्हाइट मेटल नावाच्या मऊ मिश्रधातूच्या, वितळवून ओतलेल्या. रॉडच्या तळाला छोटीशी पळी असते. ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उचलून बेअरिंगला पाजते. शेतातल्या चालीला ही सोय उत्तम. हायवेवर मात्र हे इंजिन फार ताणायचं नाही. व्हाइट मेटल ओतून नीट बसवणारे हात आता तिकडेही शोधावे लागतात, आणि असा कारागीर सापडला की त्याचा पत्ता संग्राहक जिवापाड जपतो.

आता वादाचा मुद्दा. या ट्रकचे मडगार्ड, रबरं, जाळ्या, हौद्याच्या फळ्या, सगळं आज नवं बनवून मिळतं. त्यामुळे कितीतरी जण जुना पत्रा काढून टाकतात, खाली नवी चेसिस, नवं आठ सिलिंडरचं इंजिन, वर आरशासारखा रंग. त्यांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही, गाडी रोज चालवायची तर ब्रेक चांगले हवेतच. पण त्या धान्याच्या पेढीचं नाव एकदा घासून काढलं की ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ब्रेक बदला, वायरिंग बदला. दाराला हात लावू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

याच आयोवात वॉलकॉट नावाच्या गावी, हायवेच्या कडेला ट्रकचं एक मोठं संग्रहालय आहे. शंभराहून जास्त जुने ट्रक एका छपराखाली. तिथे फिरताना मला राहून राहून आपली मुंबई आठवत होती. कारण हे ट्रक आपल्याला परके नाहीत. शेव्हरोले ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, तिथे सुट्या भागांतून शेव्हरोले उभ्या राहायच्या. १९५४ च्या सुमारास तो बंद झाला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायसलर या अमेरिकन कंपनीशी करार करून कुर्ल्याला ट्रक बनवले. तोच ट्रक डॉज, फार्गो, डीसोटो अशा तीन नावांनी विकला जायचा. आमच्या वडिलांच्या तोंडी ट्रक हा शब्द क्वचितच यायचा. ते म्हणायचे, "फार्गो आली का रे गुळाची?"

शिवडी-कुर्ल्याचे ते ट्रक कुठे गेले? बहुतेक वितळले. म्हणून श्रोतेहो, एक विनंती. घरी जुना अल्बम असेल आणि त्यात आजोबा, काका कुणी ट्रकच्या मडगार्डला टेकून उभे असतील, तर तो फोटो खिडकीपाशी उजेडात न्या. ट्रकच्या नाकावरचं नाव वाचा. दारावर काही लिहिलंय का, तेही बघा. आणि घरात सांगणारं कुणी असेल तोवर माल कुठला होता, गाडी कुठून कुठे जायची, चालवायचं कोण, हे विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा.

नमस्कार.