गोळ्या आल्या नाहीत, तेव्हा

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकत्रित गोळीतून दिली जातात आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. बहुतेकांचा ताप व खोकला काही आठवड्यांतच ओसरतो, भूक लागते, कामावर जाता येते. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात, म्हणूनच बरे वाटत असतानाही रोज गोळ्या घ्याव्या लागतात.

२०२४ च्या मार्चमध्ये या गोळ्यांचा सरकारी पुरवठा आटला. केंद्रीय क्षयरोग विभागाने राज्यांना पत्र पाठवून तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करण्यास सांगितले आणि तेही जमले नाही, तर रुग्णाने स्वतः घेतलेल्या औषधांचा खर्च परत देण्याची मुभा दिली. महाराष्ट्रातही आरोग्य केंद्रांवरून रुग्णांना थोड्याच दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावले जात होते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा अशा प्रत्येक खेपेला एक खाडा पडतो, आणि हा भार रुग्णावर यावा, हे मुळीच न्याय्य नाही.

अशा वेळी उरलेल्या गोळ्या पुरवून खाण्याचा मोह होतो. चारऐवजी दोन घेतल्या की पाकीट दुप्पट दिवस पुरते, हा हिशेब वरवर शहाणपणाचा वाटतो. पण अपुऱ्या मात्रेत जंतू मरत नाहीत, उलट औषधाला न जुमानणारे जंतू वाढण्याची शक्यता बळावते. मिळेल ते एकच औषध सुटे घेत राहणे त्याहूनही घातक आहे.

मेडिकलमधून गोळ्या घेतानाही मात्रेकडे बारकाईने पाहावे लागते. सरकारी एकत्रित गोळीत रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम असते. ५० ते ६४ किलो वजनाच्या प्रौढ रुग्णाला अशा चार गोळ्या, म्हणजे रोज ६०० मिलिग्रॅम मिळते. बाजारातल्या काही पाकिटांत मात्र दिवसाची मात्रा ४५० मिलिग्रॅमच असते. औषधांची नावे तीच असल्याने हा फरक सहज नजरेतून सुटतो. म्हणून दुकानात जाण्याआधी सरकारी गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि उपचार कार्ड घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे आणि प्रत्येक औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी. खरेदीची पावती स्वतःच्या नावाने घेऊन जपून ठेवावी, कारण खर्च परत मिळण्याची सोय असेल, तर तो मागताना ती लागेल.

गोळ्या संपायला आठवडा उरला असतानाच केंद्रावर चौकशी करावी. तिथे साठा नसेल, तर शेजारच्या केंद्रातून सोय होते का, हे आपला निक्षय क्रमांक (सरकारी क्षयरोग नोंदणीत रुग्णाला मिळालेला क्रमांक) देऊन विचारावे. १८००-११-६६६६ या निक्षय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. आशा सेविकेला कळवावे, कारण कुठल्या वस्तीत कोणाचे औषध संपत आले आहे, हे बहुधा तिलाच आधी ठाऊक असते.

इतके करूनही काही दिवस गोळ्यांविना गेलेच, तर त्या तारखा कार्डावर लिहून ठेवाव्यात. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. उपचार किती दिवस लांबवायचा आणि थुंकी पुन्हा तपासायची का, हे डॉक्टर त्या तारखा पाहून ठरवतात.