रोज घालायचाय ना किल्ट? मग लोकर नको, पीव्ही घ्या

मंडळी, स्कॉटलंडमध्ये आलात, किल्ट, म्हणजे इथला पुरुषांचा प्लीट्सवाला स्कर्ट, आवडला, आणि तो लग्नापुरता भाड्याने न आणता ऑफिसला, बाजारहाटाला, फुटबॉलच्या मॅचला घालायचाय. माझं मत सरळ आहे: लोकरीचा घेऊ नका.

[लोकरी किल्ट दोन्ही हातांत, कॅमेऱ्याजवळ]

हा बघा पारंपरिक, आठ वारी. आपल्या नऊवारीला एकच वार कमी, आणि तोही सगळा कमरेभोवती! मोठ्या पन्ह्याचं कापड मधून चिरून जोडतात, म्हणून चार वारांत आठ वार निघतात. जाड लोकर असते 16 औंसाची, म्हणजे त्या मोठ्या पन्ह्याच्या एका वाराचं वजन 16 औंस. चार वारांचे झाले 64 औंस, जवळपास 1.8 किलो. हिवाळ्यात पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइपवाल्यांच्या बँडमध्ये, उभं राहायला याला तोड नाही. पण हीटिंग लावलेल्या ऑफिसात दिवसभर हे कमरेला बांधून बसून बघा. सगळ्या प्लीट्स मागे असतात आणि आपण बसतो नेमके त्यांच्यावरच. त्यात करी सांडली की निघा ड्रायक्लीनरकडे, कारण मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली तर लोकर आटते. कपाटात कसर लागते ते वेगळंच.

[दुसरा किल्ट]

हा पीव्ही. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस, साधारण 65 ला 35. शाळेच्या गणवेशाचं कापड ज्यांनी घेतलंय त्यांना हा प्रकार नवीन नाही, भिलवाड्याचं पीव्ही सूटिंग याच जातीचं. इकडे यॉर्कशायरमध्ये मार्टन मिल्स ही गिरणी टार्टनमध्ये, म्हणजे किल्टच्या त्या चौकटींच्या नक्षीत, हेच विणते. पॉलिएस्टरला उष्णता देऊन घडी बसवली की ती धुतल्यावरही राहते, आणि व्हिस्कोसमुळे घाम टिपला जातो, कापड अंगावर पडतंही छान. रोजच्यासाठी चार वारी पुरतो. त्याला मोठ्या पन्ह्याचे दोनच वार लागतात, म्हणजे 11 औंसाचं कापड धरलं तर सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास.

पण थांबा. ‘सिंथेटिक’ म्हणून दुकानदार जे पहिलं हातात देईल ते उचलू नका. टूरिस्टांसाठी टांगलेले स्वस्त किल्ट बरेचदा ॲक्रिलिकचे असतात. त्यांना बसायच्या जागी गोळे येतात, प्लीट्स लवकर ढेपाळतात. आणि लेबलवर ‘ॲक्रिलिक वूल’ लिहिलंय म्हणजे आत लोकर आहेच असं समजू नका.

[चिमट्यात धागा, खाली पाण्याची वाटी]

संशय असेल तर घरी आणल्यावर आतल्या शिवणीतला एक धागा काढा आणि सिंकवर पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा पीव्हीचा... बघा, कागदासारखा जळतोय, आणि टोकाला? टणक मणी. ते वितळलेलं पॉलिएस्टर. ॲक्रिलिक भडकून जळतं, काळा धूर सोडतं.

त्या मण्यातच पीव्हीचा तोटाही दिसतो. शेकोटीची ठिणगी उडाली तर भोक पडणार, तिथे लोकरच बरी. दुसरा तोटा म्हणजे वारा. हलकं कापड एडिनबराच्या वाऱ्यात उडतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको. म्हणून अगदी पातळ पीव्हीच्या वाटेला जाऊ नका.

‘हा खरा किल्टच नाही’ म्हणणारे भेटतील. भेटू देत. स्कॉटलंडच्या 2008 च्या टार्टन नोंदणी कायद्यात टार्टनची व्याख्या आहे ती आडव्या-उभ्या रंगीत पट्ट्यांच्या रचनेची. धागा कशाचा हवा, याचा त्यात उल्लेख नाही. मित्राच्या लग्नाला मात्र लोकरीचाच घाला, तिथे तो भारदस्तपणा लागतोच.

आता धुणं. किल्ट कमरेला बांधायचे पट्टे चामड्याचे असतील तर मशीन नको, टबात थंड पाण्यात हाताने धुवा आणि पट्टे शक्यतो कोरडे ठेवा. कापडी पट्टे असतील आणि लेबलवर चालतं म्हटलं असेल तर प्लीट्सना खालून कच्चा टाका घालून, उलटा करून, थंड पाण्यात हलक्या सायकलवर. पिळायचा नाही. कमरेच्या बाजूने टांगायचा, म्हणजे ओल्या कापडाच्या वजनानेच प्लीट्स सरळ होतात. इस्त्री मध्यम, आणि मध्ये ओलं फडकं हवंच. तापलेली इस्त्री थेट टेकवलीत तर प्लीटच्या कडेला चकाकी येते, आणि ती मग जात नाही.