कोड कधी येणार? कॅक्टस कॅनियनची गोष्ट

[दृश्य: अंधाऱ्या खोलीत एक पिनबॉल यंत्र सुरू होतं. वाळवंटाचं चित्र, लाकडी गाव, वरच्या रुळांवर छोटी आगगाडी.]

ऑक्टोबर १९९८. शिकागोच्या विल्यम्स कंपनीनं बॅली या नावाखाली एक नवं पिनबॉल यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव कॅक्टस कॅनियन, आराखडा टॉम कोपेरा यांचा. घोडे, बंदुका आणि सोन्याच्या खाणी असलेल्या जुन्या अमेरिकी पश्चिमेतलं एक अख्खं गाव त्यांनी काचेखाली वसवलं होतं. दारूच्या गुत्त्यापाशी बार्ट नावाचा गुंड उभा. चेंडूचा तडाखा बसला की त्याची टोपी उडायची. प्लेफिल्डच्या फळीतून चार बदमाश डोकं वर काढायचे, त्यांना चेंडूनं आडवं करायचं. अनोळखी पाहुणा म्हणून गावात शिरायचं आणि बढती मिळवत मार्शल व्हायचं. शेवटी भर दुपारच्या अंतिम लढतीला उभं राहायचं. त्या लढतीचं नाव 'हाय नून'.

यंत्र देखणं होतं, पण त्यातला खेळ पुरा झालेला नव्हता.

विल्यम्सचा पिनबॉल विभाग तेव्हा तोट्यात होता. त्याला वाचवण्यासाठी 'पिनबॉल २०००' नावाची नवी यंत्रणा तयार होत होती. मॉनिटरचं प्रतिबिंब काचेत पाडायचं आणि खऱ्या चेंडूच्या वाटेत हलती चित्रं उभी करायची, अशी ती कल्पना. तिच्यासाठी कारखान्यातली लाइन मोकळी हवी होती. कॅक्टस कॅनियनची ९०३ यंत्रं झाली आणि काम थांबवलं गेलं. योजलेले काही नियम कोडमध्ये, म्हणजे यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये, उतरलेच नाहीत. पुढं पिनबॉल २००० चे दोनच खेळ विक्रीला आले, आणि २५ ऑक्टोबर १९९९ रोजी विल्यम्सनं पिनबॉलचा विभागच बंद केला.

ज्यांच्या घरी किंवा दुकानात ती ९०३ यंत्रं होती, त्यांनी आता कुणाकडे पाहायचं?

[दृश्य: काच सरकवली जाते. प्लेफिल्ड उचलून उभं केलं जातं. खाली तारांचे जुडगे, कॉइल, स्विच.]

आपल्याकडे पिनबॉलची यंत्रं फारशी आली नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांची पिनबॉलशी ओळख झाली ती विंडोज एक्सपीवरच्या 'स्पेस कॅडेट'मुळे. तिथं चेंडू, त्याला मारणाऱ्या दांड्या म्हणजे फ्लिपर, उतार, सगळंच सॉफ्टवेअरमधलं. खऱ्या यंत्रात तसं नसतं. चेंडू पोलादाचा, २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा. फळी साधारण साडेसहा अंशांनी उतरती. चेंडू आपल्या वजनानं खाली येतो, तुम्ही फ्लिपरनं तो परत वर धाडता. सॉफ्टवेअरला तो चेंडू दिसत नाही. त्याला कळतं एवढंच, की अमुक स्विच दबला आणि तमुक सुटला.

एकच फटका जवळून पाहू. चेंडू उभ्या बदमाशावर आदळतो. बदमाश फळीखाली जातो आणि त्याच्या खालचा स्विच बदलतो. यंत्रातले असे स्विच आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींच्या जाळीत जोडलेले असतात. प्रोसेसर मोटोरोलाचा ६८०९, वेग दोन मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी आठ किलोबाइट. आजच्या साध्यातल्या साध्या मोबाइलसमोरही हे काहीच नाही. पण तेवढ्या जागेत प्रोग्रॅमला एका निमिषात सगळं ठरवायचं असतं. हा खरोखर चेंडूचा तडाखा आहे, की कुणी यंत्राला धक्का दिल्यानं स्विच नुसता थरथरला? खरा असेल, तर हा बदमाश आत्ता उभा असायला हवा होता का? पाळी कुणाची? वेळ किती उरला? मग गोळीचा आवाज, १२८ बाय ३२ ठिपक्यांच्या पडद्यावर कोसळणारा माणूस, विझणारा दिवा, वाढणारे गुण. याच वेळी दोन्ही फ्लिपरच्या कॉइलवरही, म्हणजे त्यांना उचलणाऱ्या विद्युतचुंबकांवरही, लक्ष हवं. फ्लिपर उचलताना जोरदार झटका द्यायचा, आणि तो वर गेला की ताबडतोब हलका प्रवाह ठेवायचा. तसं झालं नाही तर कॉइल जळते. चेंडू कुठं अडकला आणि बराच वेळ एकही स्विच वाजला नाही, तर कॉइलना एकेक ठोका देऊन त्याला शोधायचं. हेही कोडचंच काम.

पण ही सगळी यंत्राची हमाली झाली. अवघड प्रश्न पुढेच आहे: त्या फटक्याला गुण किती द्यायचे?

सोप्या रॅम्पला, म्हणजे चढणीच्या वाटेला, जास्त गुण दिले, तर खेळाडू तोच रॅम्प तासभर मारत बसतो आणि बाकीचं गाव ओस पडतं. अवघड फटक्याला कमी दिले, तर तिकडं कुणी फिरकत नाही. जॅकपॉट फार लवकर मिळाला तर त्याची किंमत राहत नाही, फार उशिरा मिळाला तर नवखा माणूस दुसरं नाणं टाकत नाही. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती, जुगार म्हणून. १९७६ साली रॉजर शार्प यांनी नगर परिषदेसमोर चेंडू कुठं जाणार ते आधी सांगितलं, मग तो तिथंच मारून दाखवला, आणि बंदी उठली. पिनबॉल कौशल्याचा खेळ आहे हे त्या फटक्यानं पटवलं. आजच्या यंत्रात त्या कौशल्याला दाद मिळते की नाही, हे नियम लिहिणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून या खेळाचे चाहते नवं यंत्र आलं की रंगरंगोटी पाहून घेतात, आणि दुसऱ्या मिनिटाला विचारतात, 'कोड कुठवर आलाय?'

[दृश्य: चिमट्यानं सॉकेटमधून काढली जाणारी एक चिप.]

१९९८ साली कोड या चिपमध्ये असायचा. तो बदलायचा तर कंपनीनं नवी चिप भरून पाठवायची आणि मालकानं मागचा डबा उघडून जुनीच्या जागी ती बसवायची. कंपनीनं पिनबॉल सोडल्यावर कॅक्टस कॅनियनसाठी नवी चिप कोण पाठवणार?

काही वर्षांनी पी-रॉक नावाचा एक बोर्ड आला. मूळ प्रोसेसर बोर्डाच्या जागी तो बसवायचा, एका बाजूला यंत्राच्या जुन्या तारा जोडायच्या आणि दुसऱ्या बाजूला यूएसबीनं साधा संगणक. त्यामुळे पिनबॉलचे नियम पायथनमध्ये लिहिता येऊ लागले. एका चाहत्यानं याच बोर्डावर कॅक्टस कॅनियन नव्यानं लिहायला घेतला. मूळ कोडला पॅच लावणं शक्य नव्हतं. मूळ खेळ बघायचा, प्रत्येक फटक्याला तो काय करतो ते टिपायचं, ते सगळं जसंच्या तसं पुन्हा उभं करायचं, आणि मगच राहून गेलेल्या जागा भरायच्या. या आवृत्तीचं नाव 'कॅक्टस कॅनियन कंटिन्यूड'. दुसऱ्यानं अर्धं सोडलेलं काम हाती घेताना आधी त्याचं म्हणणं समजून घेणं, आणि मगच आपलं काही घालणं, हा संयम मला फार मोठा वाटतो.

[दृश्य: आजचा कारखाना. ओळीनं उभी यंत्रं. एका पडद्यावर आवृत्तीचा आकडा, शून्यानं सुरू होणारा.]

आज वाट पाहण्याची तऱ्हा वेगळी आहे. यूएसबी स्टिक लावली की नवा कोड चढतो, नव्या यंत्रांत तर इंटरनेटवरूनही. त्यामुळे अपुरा कोड घेऊन यंत्र बाहेर पाठवणं कंपन्यांना परवडू लागलं. आवृत्तीचा आकडा एकच्या खाली असतानाच यंत्र गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचतं. पिनबॉल यंत्रं बनवणाऱ्या स्टर्न कंपनीचं 'द वॉकिंग डेड' २०१४ साली आलं तेव्हा लोकांना ते अपुरं वाटलं. पुढच्या अपडेटनंतर त्याच यंत्रावर जाणकार फिदा झाले. २०१६ च्या 'बॅटमॅन ६६'चे मालक तर पुढं दीर्घकाळ प्रत्येक अपडेटची वाट पाहत होते.

असं होण्यामागं नुसता हावरटपणा नाही. रॅम्पचे साचे, छपाई, वायरिंग हे सगळं आधी पक्कं करावं लागतं. एकदा सुटे भाग आले आणि कामगार लाइनवर उभे राहिले, की कारखाना थांबू शकत नाही. प्रोग्रॅमर काम सुरू करतो ते व्हाइटवुडवर, म्हणजे चित्रं-रंग नसलेल्या कोऱ्या फळीवर. पण नियमांचा तोल कळायला यंत्र शेकडो हातांखालून जावं लागतं. चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या नावाचं यंत्र असेल, तर त्यातल्या चित्रांना आणि आवाजांना हक्कदारांची मंजुरी हवी, आणि ती आपल्या घाईनं मिळत नाही.

हे सगळं मान्य. तरी माझं मत स्पष्ट आहे. काय तयार आहे आणि काय राहिलंय, हे विकतानाच सांगायला हवं. हजारो डॉलर मोजणाऱ्या माणसाला वाट बघायला हरकत नसते, पण कशाची वाट बघायची ते तरी त्याला माहीत हवं.

[दृश्य: मेडिव्हल मॅडनेसचा किल्ला. झुलता पूल खाली येतो.]

'वॉकिंग डेड' आणि 'बॅटमॅन ६६', दोन्हींच्या कोडमागं एकच नाव होतं: लायमन शीट्स. नव्वदच्या दशकात विल्यम्समध्ये त्यांनी 'अटॅक फ्रॉम मार्स', 'मेडिव्हल मॅडनेस' आणि 'मॉन्स्टर बॅश' या खेळांचं सॉफ्टवेअर लिहिलं. पुढं स्टर्नमध्ये 'स्पायडर-मॅन', 'एसी/डीसी', 'मेटालिका'. ते स्वतः स्पर्धांमधले अव्वल खेळाडू होते, आणि ते त्यांच्या नियमांत जाणवतं.

या किल्ल्याचंच बघा. चेंडू दारावर मारत राहिलात की झुलता पूल खाली येतो, मग जाळीचा दरवाजा फोडायचा, मग आत चेंडू घुसवायचा की किल्ला कोसळतो. पहिला किल्ला थोडक्या फटक्यांत पडतो. पहिल्यांदाच खेळणारी शाळकरी मुलगीही तो पाडू शकते, आणि पडला की आनंदानं ओरडते. पुढचे किल्ले जास्त फटके मागतात. सहाही पाडून, शिवाय बाकीच्या मोहिमा पुऱ्या करूनच राज्याच्या शेवटच्या लढाईला जाता येतं, आणि तिथं पोहोचायला मुरलेल्या खेळाडूचाही घाम निघतो. एकच दार, एकच चेंडू, आणि दोघांनाही आपापल्या ताकदीचं काही मिळतं. शीट्स यांचा नवा कोड येणार म्हटलं की लोक ताटकळत बसायचे ते या समजुतीसाठी. नवी चित्रं, नवे आवाज दुसरं कुणीही भरू शकलं असतं.

[दृश्य: कॅक्टस कॅनियनची नवी आवृत्ती. मोठा रंगीत पडदा, तोच बार्ट, तीच टोपी.]

शिकागो गेमिंग कंपनी विल्यम्सची गाजलेली यंत्रं नव्यानं बनवते. तिनं आधी 'मेडिव्हल मॅडनेस', 'अटॅक फ्रॉम मार्स' आणि 'मॉन्स्टर बॅश' काढले, तिन्ही खेळ शीट्स यांच्या कोडचे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चौथ्या यंत्राची घोषणा झाली: कॅक्टस कॅनियन. सोबत सांगितलं गेलं की राहिलेला खेळ पुरा करण्याचं काम शीट्स करताहेत.

ही बातमी चाहत्यांना केवढी मोठी वाटली असेल याची कल्पना करा. तेवीस वर्षांपूर्वी सोडून दिलेला खेळ, आणि तो पुरा करणारा माणूस त्याच घराण्यातला, त्याच काळातला, त्याच कारखान्याच्या तालमीत तयार झालेला. यंत्रं मूळ खेळासह आधी निघणार होती आणि वाढीव नियम मागाहून अपडेटनं येणार होते. लोकांनी नोंदणी केली. इथं वाट पाहण्यात धास्ती नव्हती, भरवसा होता.

२०२२ च्या जानेवारीत लायमन शीट्स यांचं निधन झालं.

जगभरच्या पिनबॉल खेळणाऱ्यांना हा धक्का घरातलं माणूस जाण्यासारखा होता. कित्येकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी वर्षानुवर्षं, रोज, आपण काय करू हे त्यांनी आधी ओळखलेलं होतं, आणि आपल्या चुकीच्या फटक्यावर ते काय म्हणतील हेही खेळणाऱ्यांना कळायला लागलं होतं. 'मॉन्स्टर बॅश'मध्ये 'लायमन्स लॅमेंट' नावाचा एक दडवलेला भाग आहे. त्या दिवसांत तो ठिकठिकाणी मुद्दाम उघडून खेळला गेला असेल, याबद्दल मला शंका नाही.

कॅक्टस कॅनियनचं उरलेलं काम इतरांच्या हाती गेलं. ते काम कसं असतं, हे त्या पी-रॉकवाल्या चाहत्याला चांगलं ठाऊक होतं.

[दृश्य: तीन यंत्रं शेजारी शेजारी.]

आज हा खेळ तीन रूपांत आहे: १९९८ चा मूळ अपुरा कोड, चाहत्यानं पुढं नेलेला, आणि नव्या यंत्रातला. परदेशात असाल आणि एखाद्या पिनबॉल संग्रहालयात किंवा प्रदर्शनात त्या ९०३ पैकी एखादं यंत्र दिसलं, तर सुरुवात त्याच्यापासून करा. बदमाशांना आडवं करा, बार्टची टोपी उडवा, जमलं तर मार्शल होऊन हाय नूनला उभे राहा. मग नव्या कोडवर तेच फटके मारा. चेंडू तोच, उतार तोच. कुठल्या रॅम्पकडे हात आपोआप वळतात आणि कुठला नुसता पडून राहतो, याकडे लक्ष ठेवा. दोन्हींतला फरक तिथंच हाताला लागेल.