शेवटची सहा मिनिटं

[फातोर्डा स्टेडियम. फ्लडलाइटचा उजेड. ईस्ट स्टँडमधले केशरी जर्सी घातलेले प्रेक्षक.]

24 एप्रिल 2024, बुधवार. हनुमान जयंती कालच झाली. लोकसभेच्या मतदानाला दोन आठवडे उरलेत, पण आज संध्याकाळी मडगावात प्रचाराच्या गाड्यांपेक्षा केशरी जर्सीच जास्त दिसतात. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना आहे. एफसी गोवा 2, मुंबई सिटी 0.

पहिला गोल 16व्या मिनिटाला बोरिस सिंगने मारला. दुसरा 56व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने. ब्रँडन म्हणजे आपला, मडगावचाच म्हणा ना. आता 89वं मिनिट चालू आहे. लांबचे लोक उठायला लागलेत. डिचोली, सांखळी, फोंडा. उद्या कामावर जायचंय, सामना सुटल्यावर पार्किंगमधून गाडी काढायला अर्धा तास जातो, आणि पुढे बोरीच्या पुलावर रांग. दोन गोलांची आघाडी आहे. निघायला हरकत काय?

90व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला. 2-1.

पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने केला. 2-2.

आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. 2-3.

[थोडा थांबा. प्रेक्षकांचे चेहरे. संगीत नको.]

जे लवकर निघाले त्यांना हे गाडीत कळलं. आधी कोणाचा विश्वासच बसत नव्हता. मोबाइलवर स्कोअर उलटा पडलाय, अ‍ॅप बिघडलंय, असंच वाटलं. जे थांबले होते त्यांच्याकडे तीही सोय नव्हती. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता या दोघांत जास्त दुःखी कोण, यावर फोंड्याच्या एखाद्या हॉटेलात आजही पातळभाजी-पाव संपेपर्यंत वाद घालता येतो. माझं मत विचाराल तर लवकर निघालेला. थांबलेल्याला निदान ओरडता तरी आलं.

हरणं गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना नवीन नाही. जिंकणंही नाही. आपल्या धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा आणलंय, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सनी दोन-दोनदा. ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना 2022 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोकांना आपल्या घरात काही आल्यासारखं वाटलं. फुटबॉल हा फक्त सासष्टीचा, म्हणजे मडगावच्या बाजूचा खेळ, असं बाहेरचे लोक समजतात. डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूला घरात मराठी पेपर येतो, जत्रेत मराठी नाटक होतं, आणि त्याच पेपरचं शेवटचं पान आधी वाचलं जातं. जत्रेच्या नाटकाला रात्र जागवणारा माणूस फातोर्ड्याहून रात्री बाराला घरी पोचला, तर त्यात नवल काय?

तेव्हा साध्या पराभवाने हा माणूस हलत नाही. 1-0 ने हरलो, बरं, समोरचा चांगला खेळला. 3-0 ने हरलो, आपण भिकार खेळलो. दोन्ही पचतं. पचत नाही ते हे. जिंकून झालेलं, खिशात पडलेलं, आणि खिशातून काढून नेलेलं.

[2015 सालची वर्तमानपत्रांची कात्रणं.]

कारण ते पहिल्यांदा झालेलं नाही. 20 डिसेंबर 2015. हेच मैदान. इंडियन सुपर लीगची अंतिम फेरी, प्रशिक्षक ब्राझीलचे झिको, समोर चेन्नईयिन. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा 2-1 ने पुढे गेला. चषक फातोर्ड्यात होता. फक्त हातात घ्यायचा राहिला होता. 90व्या मिनिटाला चेंडू गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या अंगावरून स्वतःच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा मारला आणि चषक चेन्नईला गेला. सामन्यानंतर मैदानावर जो वाद झाला तो पोलिसांपर्यंत पोचला, त्यात आपण शिरायला नको.

2019 च्या मार्चमध्ये पुन्हा अंतिम फेरी, या वेळी मुंबईत, बंगळूरू एफसीविरुद्ध. नव्वद मिनिटं कोरी. मग तीस मिनिटांच्या वाढीव वेळेत आपल्या अहमद जाहूला लाल कार्ड. 117व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचं डोकं लागलं आणि संपलं. पेनल्टी शूटआउटला तीन मिनिटं उरली होती.

2021 साली तर गंमतच. कोविडमुळे सगळी स्पर्धा गोव्यातच भरवली होती, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, पण प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. मैदान आपल्या गावात आणि आपण टीव्हीसमोर. उपांत्य फेरीत मुंबई सिटीनेच आपल्याला पेनल्टीवर 6-5 ने बाहेर काढलं.

म्हणून 24 एप्रिलच्या रात्री स्टेडियमबाहेर, रोस-ऑम्लेटच्या गाड्यांवर, एकच वाक्य फिरत होतं: गोंयचें नशीबच फुटकें. प्लेटीत पाव बुडवायचा आणि नशिबाला दोन शिव्या द्यायच्या. मला हे पटत नाही, आणि तेव्हाही पटलं नव्हतं. नशीब म्हटलं की चर्चा संपते. कोणी मागे सरकलं, कोणी चेंडू उगाच उडवून दिला, बदली खेळाडू कधी आला, हे काही विचारावं लागत नाही.

[कोचीच्या मैदानाचं दृश्य.]

कारण याच हंगामात, दोनच महिन्यांपूर्वी, इशारा मिळाला होता. 25 फेब्रुवारी, कोची. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध 17व्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 ने पुढे. शेवट 4-2, केरळच्या बाजूने. त्यांचे शेवटचे तीन गोल 81, 84 आणि 88व्या मिनिटाला झाले. हे जर नशीब असेल तर त्याला घड्याळ फार नीट कळतं.

तो हंगाम किती लांब होता ते पाहा. ऑगस्टमध्ये ड्युरँड कप. मग लीगचे 22 सामने. मग बाद फेरी, मग उपांत्य फेरीचे दोन सामने. मध्ये कोलकाता, गुवाहाटी, जमशेदपूर, कोची असा प्रवास. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली संघाची सुरुवात झकास झाली होती. फेब्रुवारीपर्यंत लीगमध्ये एकही पराभव नव्हता. मग एकदम धडाधड. शेवटी 45 गुण आणि तिसरं स्थान. तेव्हा पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळायची, तिसऱ्याला आधी एक सामना जादा खेळावा लागायचा. म्हणजे मुंबई विश्रांती घेऊन आली होती, आणि गोवा चारच दिवसांपूर्वी, 20 एप्रिलला, चेन्नईयिनशी लढून. एप्रिलमधला फातोर्ड्याचा उकाडा ज्याने अनुभवलाय त्याला पुढचं सांगायला नको. घाम जिरतच नाही. पाय जड झाले की बचाव फळी आपोआप दोन पावलं मागे जाते, मधल्या फळीपासून तुटते, आणि त्या रिकाम्या जागेत छांगटेसारखा वेगवान माणूस आला की काय होतं ते आपण पाहिलं. दोन गोल राखत बसायचे नसतात, तिसरा मारायला जायचं असतं. हे मी सांगतोय असं नाही. मडगावच्या बाजारात मासे कापणारी बाईही हेच सांगेल, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

पण राग एवढाच नव्हता. समोर मुंबई होती.

[मंगेशीच्या देवळाबाहेरची गर्दी. बाहेरच्या नंबरप्लेटच्या गाड्या.]

एप्रिल-मे म्हणजे कुलदेवतेचे दिवस. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी. शाळांना सुट्ट्या लागल्या की गिरगाव-दादर-डोंबिवलीचे नातेवाईक उतरतात. घरात आंबे, फणस, पाहुणे. अशा घरात रात्री उशिरा तोंड पाडून शिरणारा पुतण्या आणि ओसरीवर बसलेले मुंबईचे काका, हा प्रसंग त्या रात्री कितीतरी घरांत घडला असेल. काका विचारणार, काय रे, एवढा का उतरलास? मुंबईकडून हरलो. काका चमकणार. कोण मुंबई? आज तर मुंबईची मॅच नव्हती!

काकांचा जीव मुंबई इंडियन्समध्ये. मुंबई सिटी नावाचा फुटबॉल संघ आहे, आणि त्याने आत्ताच आपल्या पुतण्याची सहा महिन्यांची कमाई सहा मिनिटांत नेली, हे त्यांच्या गावीही नाही. ज्याने हरवलं त्याला खबरच नसावी, याहून अपमान कुठला? बंगालकडून हरलं तर निदान समोरचा चिडवतो. केरळवाला तर वर्षभर चिडवतो. मुंबईवाला म्हणतो, असं का, वाईट झालं, आणि पुन्हा आंबा चोखायला लागतो.

29 एप्रिलला मुंबईत परतीचा सामना झाला. 0-2. एकूण 2-5. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तो सामना खरं तर फातोर्ड्यातच हरला होता. 4 मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला 3-1 ने हरवून मुंबई सिटीने चषक उचलला.

[कट्टीमणीचं छायाचित्र. पिवळ्या जर्सींनी भरलेलं फातोर्डा.]

इथे थोडं मागे जाऊन कट्टीमणीकडे यायला हवं. गोव्याचाच पोर. 2015 च्या त्या स्वयंगोलानंतर त्याच्यावर जे जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं या निवेदनात सांगण्यासारखं नाही. आणि आता 20 मार्च 2022 पाहा. पुन्हा फातोर्डा, पुन्हा अंतिम फेरी. हैदराबादविरुद्ध केरळ. दोन वर्षांनी प्रेक्षकांना आत सोडलं होतं आणि अख्खं स्टेडियम केरळच्या पिवळ्या रंगात बुडालं होतं. हैदराबादचा संघ एका गोलने मागे. 88व्या मिनिटाला, होय, 88व्या, गोव्याच्याच साहिल तावोराने लांबून सणसणीत फटका मारून बरोबरी साधली. पेनल्टी शूटआउट. हैदराबादच्या गोलपोस्टमध्ये उभा होता लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद विजेता. आणि त्यांचे प्रशिक्षक कोण? मानोलो मार्केझ.

म्हणजे शेवटच्या मिनिटांचा हिशेब कुठल्या तरी एका राज्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो. ज्याच्यावर 2015 साली सगळं खापर फोडलं, त्यानेच त्याच मैदानावर चषक जिंकून दिला. फक्त जर्सी आपली नव्हती. त्या संध्याकाळी गोव्याचे जे थोडे लोक स्टँडमध्ये होते त्यांनी टाळ्या वाजवल्या असतील की नाही? मला वाटतं वाजवल्या असतील, जरा आजूबाजूला बघून.

2024 नंतर लोक परत आले का, हा प्रश्न बाहेरचे विचारतात. आले की. शिव्या देत आले, पुढच्या हंगामात तिकीट काढणार नाही म्हणत तिकीट काढून आले. ईस्ट लोअर आर्मी या चाहत्यांच्या गटाचे ढोल वाजायचे थांबले नाहीत. त्या हंगामात संघ लीगमध्ये दुसरा आला, थेट उपांत्य फेरीत. बंगळूरूला पहिला सामना 0-2 हरलो. 6 एप्रिल 2025 ला फातोर्ड्यात बोर्हा हेरेराने 49व्या मिनिटाला एक मारला, अर्मांडो सादिकूने 88व्या मिनिटाला दुसरा. एकूण 2-2. फातोर्डा नुसतं पेटलं होतं. या वेळी लवकर कोणी निघालं नाही.

जादा वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला बंगळूरूच्या सुनील छेत्रीने हेडर मारून गोल केला.

[पडदा काळा. मग हळूहळू सकाळचा उजेड.]

महिन्याभराने, 3 मे रोजी, भुवनेश्वरला सुपर कपची अंतिम फेरी झाली. समोर जमशेदपूर. हेरेराने दोन गोल केले, द्राझिचने 72व्या मिनिटाला तिसरा. गोवा 3, जमशेदपूर 0. सामना चालू असताना व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी उतावळ्याने अभिनंदन लिहिलं की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत होते: रे पुसून उडय तें, अजून पंधरा मिनटां आसात!