आधी कढईतलं तेल बघा

नमस्कार श्रोतेहो. फास्ट फूड म्हटलं की आपल्याला बर्गर आणि पिझ्झा आठवतो. पण मागितल्याबरोबर हातात पडणारं, उभ्या उभ्या खाऊन कामाला लागता येणारं ते सगळंच फास्ट फूड. मुंबईच्या गिरणी कामगाराला भर दुपारी आधार देणारा वडापाव त्यातलाच. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून हा धंदा आपल्याकडे होता. फायदा कोणता, तर कमी पैशांत पोट भरतं आणि हजारो हातांना काम मिळतं. तोटा कोणता? मीठ, साखर, मैदा आणि तेल. त्यातलं तेल मी आज धरते, कारण तेलाची एक हकीगत मला सांगायचीच आहे.

स्वारगेटच्या बाजूला एक मावशी वडापावची गाडी लावतात. त्यांचा मुलगा सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी मॉलमधल्या बर्गरच्या दुकानात काम करतो. तिथं त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, की केस झाकायचे, हात धुवायचे आणि तळणीचं तेल रोज तपासायचं. तपासायला कागदाची एक पट्टी असते, तिच्यावर निळे पट्टे. गरम तेलात बुडवली की तेल जितकं बिघडलेलं, तितके जास्त पट्टे पिवळे पडतात. पोरगं साहेबांना विचारून एक पट्टी घरी घेऊन आलं आणि आईच्या कढईत बुडवली. सगळे पट्टे पिवळे!

मावशी म्हणाल्या, "अरे, पण तेलाला वास कुठं येतोय?"

तो म्हणाला, "आई, वास यायच्या आधीच ते कामातून जातं."

आता रोज कढईभर तेल फेकायचं, तर धंदा बसणार. मावशींनी दोन दिवस विचार केला आणि बोहरी आळीत जाऊन लहान कढई आणली. तेल थोडं घालायचं, संपत आलं की ताजं ओतायचं, रात्री उरेल ते पुन्हा तळणीला घ्यायचं नाही. घाणा लहान झाला, गिऱ्हाईक खोळंबायला लागलं. मावशी सरळ सांगतात, "दादा, दुसरा घाणा निघतोय, थांबा जरा." लोक थांबतात. मीही थांबते. (त्यांच्या सुक्या चटणीत लसूण भरपूर असतो. हल्ली बाकीच्या गाड्यांवर चटणीत नुसते शेंगदाणे कुटून घालतात, ते मला अजिबात पटत नाही.)

त्याच मुलानं मला दुसरी बाजूही सांगितली. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, "थोडे पैसे जास्त देऊन मोठा कोला घेता का?" मोठा म्हणजे किती? ३०० मिलीलीटर कोल्यातच तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. तो म्हणाला, "काकू, तेलाला पट्टी आहे, साखरेला नाही." शाळेतली पोरं दप्तर पाठीला लावून तो मोठा ग्लास घेताना दिसली, की मला फार वाईट वाटतं.

तेलाला कायदाही आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घातक घटक तयार होतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. २०१८ पासून हा नियम लागू आहे. असं तेल विकत घेऊन त्याचं बायोडिझेल करणारे लोक आहेत. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवरही, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीवरही, २ टक्क्यांची मर्यादा आली. पण पुण्यातल्या प्रत्येक गाडीवर तपासनीस कुठून उभा राहणार? म्हणून तेल आपण बघायचं. काळपट झालंय का, दाट झालंय का, वडा सोडला की फेस वर येतोय का. फेस आणि रंग, एवढं बघा.

आणि घरपोच मागवणार असाल, तर घाई करू नका. संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर घरपोच खाणं आणणारी पोरं दुचाकी कशी घालतात, ते मी रोज बघते. दारात आलेल्याला पाणी विचारा.

घरच्या तळणीलाही हेच लागू. पुऱ्या तळून उरलेलं तेल गाळून ठेवा, दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात पुन्हा तळू नका. मोरीत तर ओतूच नका, पाइप तुंबतो. नमस्कार.